बोलेरोमागं लावायला छोटा, हलका ट्रेलर: दोघांसाठी कोणता बरा?

दारव्ह्याचे मास्तर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये शाळेतून रिटायर झालो. पोरगा पुण्यात, पोरगी सासरी, घरी आम्ही दोघं, एक बोलेरो आणि दोन बैल (बैलांचं आता चुलतभाऊ पाहतो). बायकोचं म्हणणं असं की आजवर आपण फक्त लग्न, बारसं अन् तेरवीसाठीच प्रवास केला, आता जरा आपल्यासाठी हिंडू. पण तिला लॉजचं बाथरूम नको आणि लॉजची चादर तर त्याहून नको. म्हणून डोक्यात आलं की गाडीमागं छोटासा ट्रेलर ओढायचा, त्यातच झोपायचं, सकाळचा चहा आपला आपण करायचा. लोणार, चिखलदरा, नवेगावबांध, मार्कंडा असं जवळजवळचंच.

व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणभणलंय. एक तो थेंबाच्या आकाराचा टीअरड्रॉप, आत फक्त गादी आणि मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर. दुसरा फायबरचा अंड्यासारखा, त्यात उभं राहता येतं. तिसरा घडीचा, मुक्कामाला पोचलं की उघडायचा. बजेट साडेचार लाखांपर्यंत, लागलं तर थोडं वर. आमच्या गावाजवळचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो काहीही बनवून देतो, पण तो आजवर ट्रॉल्या आणि गेटच बनवत आलाय. कोणी वापरलाय का? आणि मे महिन्यात त्यात माणूस जिवंत राहतो का?

पळसफूल

भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले. धागा रंगणार.

वणीचा विज्या

मास्तर, शेगावले भक्तनिवास हाय, इतकी स्वच्छ खोली तुमच्या ट्रेलरात सात जन्मात होनार नाई. कायले डोक्याले ताप करून रायले जी? साडेचार लाखात दोघं जन दहा वर्सं हिंडान.

दारव्ह्याचे मास्तर

विजय, शेगावला जातोच आम्ही. पण लोणारच्या काठावर सकाळी साडेपाचला चहा कोण देणार मला?

आर्वीकरीण टेक्सासात

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मूळची आर्वीची, सध्या टेक्सासमध्ये, सहा वर्षं झाली एकटीच हिंडते. माझ्याकडे जुना तेरा फुटी स्कॅम्प आहे, म्हणजे तुमचं ते फायबरचं अंडं, त्याआधी भाड्याने टीअरड्रॉप घेऊन फिरले आणि मैत्रिणीच्या टॅब नावाच्या ट्रेलरातही बरंच राहिलेय. इथलं जे माहीत आहे ते सांगते, तिथं काय लागू पडतं ते तुम्ही ठरवा.

टीअरड्रॉप ही सगळ्यात जुनी जात. 1930 च्या दशकात निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मासिकांतले नकाशे पाहून लोकांनी घरच्या घरी ठोकले. प्लायवूडचा शीट चार बाय आठ फुटांचा मिळतो म्हणून जुने टीअरड्रॉपही चार बाय आठचेच, एवढं साधं गणित. हलका, वाऱ्याला अडत नाही, गाडीला मागं काही आहे हे कळतही नाही. आता त्याचं दुखणं ऐका. दोन दिवस पाऊस लागला तेव्हा मी त्या भाड्याच्या ट्रेलरात आडवी होऊन सलवार बदलत होते, डोकं छताला आणि पाय दाराला. आणि स्वयंपाक मागच्या झाकणाखाली उभं राहून, पाठ ओली. एकटीला चालून गेलं, पण दोघांनी एकाच वेळी कपडे बदलायचे म्हटले तर संसार मोडेल.

अंड्यासारख्यांचा मूळपुरुष म्हणजे कॅनडातल्या विनिपेगचा बोलर, 1968 सालचा. तो काढणाऱ्या माणसाने आधी फायबरची सेप्टिक टँक बनवली होती, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली (मास्तरीणबाईंना हे सांगू नका). वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग असे दोन साच्यांतून काढून पोटाच्या पट्ट्यावर जोडतात, त्यामुळे छताला सांधाच नसतो. लाकडी चौकटीच्या ट्रेलरात पाणी शिरतं ते सांध्यांतून, आणि एकदा आतलं लाकूड कुजायला लागलं की संपलं. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची ही अंडी अजून रस्त्यावर दिसतात. मिनेसोटाचा स्कॅम्प आणि टेक्सासचा कसीटा त्याच घराण्यातले. तेरा फुटी स्कॅम्प म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्यासकट तेरा, आतली खोली दहाच फुटांची. बाथरूम घेतलं तर पुढची बाकाची जागा जाते. रिकामा साडेपाचशे ते सातशे किलो, कसा सजवलाय त्यावर. सतरा फुटी कसीटा बाथरूमसकट अकराशेच्या पुढे जातो. ओहायोचा टॅब 320 दिसायला टीअरड्रॉपसारखा पण आत उभं राहता येतं, त्याच्या एस मॉडेलात आंघोळ आणि संडास एकाच खणात, वजन साडेआठशेच्या आसपास. हॅपिअर कॅम्परचा एचसी वन रिकामा पाचशे किलोच्या घरात, आतले ठोकळे हलवून पलंग, टेबल काहीही करा. आणि एअरस्ट्रीमचा बेसकॅम्प सोळा फुटी, अॅल्युमिनियमचा, चमचम, बाराशे किलो. बोलेरोच्या मागे मी तो लावणार नाही.

घडीच्यात दोन पोटजाती. कापडी तंबूवाला, आणि अलाइनरसारखा कडक फळ्यांचा, उभा केला की त्रिकोणी घर. कापडी स्वस्त आणि हलका, पण ओला झाला की घरी नेऊन वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशी. शिवाय रस्त्यात दुपारी पाय लांब करायचे म्हटले तर आधी घर बांधा.

माझं मत विचारलंत तर दोघांसाठी उभं राहता येईल असं अंडं, आत संडासाची खोली नको, फक्त सुटा पोर्टेबल संडास. पण त्याआधी तुमची गाडी किती ओढू शकते नव्हे, किती थांबवू शकते ते बघा.

वणीचा विज्या

सेप्टिक टँकमंदी झोपायले साडेचार लाख. बाप्पा बाप्पा.

पळसफूल

विज्याभाऊ 😂 पण ताई, तुम्ही एकट्या हिंडता तर भीती नाही वाटत?

आर्वीकरीण टेक्सासात

वाटते ना. ट्रेलरचा हाच एक मोठा तोटा आहे एकटीसाठी. रात्री काही खटखटलं तर व्हॅनमध्ये माणूस आतल्या आत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन गाडी काढू शकतो. ट्रेलरमधून बाहेर उतरूनच गाडीत जावं लागतं. म्हणून मी मुक्कामाला पोचले की गाडीचं तोंड बाहेर जायच्या रस्त्याकडे ठेवते, आकडा सोडवतच नाही, आणि दाराबाहेर मुद्दाम दोन खुर्च्या मांडते, एक पुरुषी मोठ्या मापाचे बूट. ते बूट चारशे रुपयांचे पण नसतील, फार कामाचे निघाले.

पुसदचं गॅरेज

आता माझं ऐका मास्तर, हा रोजचा धंदा हाय आपला.

बोलेरोले लॅडर चेसिस हाय, खाली शिडीवाणी लोखंडी चौकट, म्हणजे आकड्याचं ब्रॅकेट चेसिसच्या दांडीले बोल्टनं पक्कं बसते. हॅचबॅक असती तर मीच नाई म्हटलं असतं, तिथं खाली पत्राच पत्रा. पन बसवता येते म्हणून कितीही वढा असं नाई. गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा, त्याच्यात ट्रेलरबद्दल काय लिवलं हाय थे पयले वाचा, अन् नाई म्हटलं असन तर कंपनीले लेखी इचारा.

युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर भरून 750 किलोच्या वर चालत नाई. भरून म्हणतो मी, रिकामा नाई. लोक इथंच फसतात. माह्या हिशेबानं पाच बाय आठचा ट्रेलर रिकामा चारशे धरा. त्याच्यात चाळीस लिटर पानी म्हंजे चाळीस किलो, बॅटरी, गादी, छोटं सिलिंडर, शेगडी, कुलर, दोन खुर्च्या, अन् वहिनींचे डबे. सहाशे कधी झाले थे समजत नाई. उभं राहाचं अंडं केलं तर साडेसातशे पार होनारच, म्हणून त्याले ब्रेक पायजेच पायजे. इनर्शियावाला ब्रेक येते, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलते, त्या ढकलण्यानंच आकड्यातली दांडी दबून ट्रेलरचे ब्रेक लागते. वायर नाई, पाइप नाई. चिखलदऱ्याहून परतवाड्याले उतरताना मले दुवा द्यान तुमी.

अन् त्या ट्रॉलीवाल्याले एक सांगजा, ट्रॉलीचे पाटे लावू नको म्हना. चार टनाचे पाटे सहाशे किलोले दबतच नाई, पूरा ट्रेलर खडखड उडन, भांडे फुटन, स्क्रू सुटन. हलके पाटे, नाईतर रबरवाला टॉर्शन एक्सल.

आर्वीकरीण टेक्सासात

अगदी बरोबर. माझ्या स्कॅम्पला रबर टॉर्शनच आहे.

आणि वजनाबरोबर ते कुठे ठेवलंय हेही. पहिल्या वर्षी मी सायकल मागच्या बंपरला टांगली आणि पाण्याचे कॅन शेवटच्या बाकाखाली ठेवले. उतारावर नव्वदच्या वेगात मागून कुणीतरी गाडीची शेपटी धरून हलवतंय असं व्हायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. नशीब की मी करकचून ब्रेक मारला नाही, कारण तसं केलं की गाडी थांबते आणि मागचा ट्रेलर गाडीला ढकलत आडवा होतो. नुसता अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, थोड्या वेळाने शांत झालं. बाजूला थांबून अर्धा तास थरथरत बसले. इथं नियम असा सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार आकड्यावर यायला हवा. इंग्लंडमध्ये पाच ते सात टक्के म्हणतात, त्यांचे ट्रेलर वेगळ्या घडणीचे आणि वेगही कमी.

कोरडवाहू

ताई, याले आमच्याकडे उलार म्हंतात.

हसू नका, खरंच सांगून रायलो. बंडीत कापूस भरताना आमचा बुढा आधी धुऱ्याकडच्या अंगाले बोजा टाकाचा, मंग मांग. पोट्ट्यांनी मांगच जास्ती भरलं की बंडी उलार होते, जू वर उचलते, बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळते, बैल चालतच नाई, पाय झाडते. अन् पुढे जास्ती भरलं तर सारं वजन बैलाच्या मानेवर, मान सुजते. बुढा जू हाताने उचलून पाहाचा, उगीच जरा जड लागलं पायजे, बस. तुमचे दहा टक्के म्हंजे आमचं ‘उगीच जरा जड’. त्याले कोनी इंग्लंडात शिकवलं नव्हतं.

सातारकर

वा! आमच्याकडे उलाळ म्हणतात. शब्द कित्येक वर्षांनी ऐकला.

पुसदचं गॅरेज

कोरडवाहू, दिल खुश केला भाऊ. पन बोलेरोले मान नाई, पाटा हाय, म्हणून मोजूनच करा. मोजाची पद्धत सोपी. सारं सामान भरून ट्रेलर सपाट जागेवर ठेवा, आकड्याखाली लाकडाचा ठोकळा अन् त्याखाली घरातला वजनकाटा. आकडा गाडीले लागल्यावर जितका उंच राहते तितकाच उंच पायजे, नाईतर माप चुकते. अन् पूरं वजन जिनिंगवरच्या धर्मकाट्यावर. कापसाच्या सीझनले नका जाऊ, लाइन गावापर्यंत असते.

दारव्ह्याचे मास्तर

हे उत्तम. बैलाचं मला सांगायची गरज नव्हती खरं तर, घरी दोन आहेत, पण ट्रेलर म्हटल्यावर डोकं एकदम अमेरिकेत गेलं होतं. म्हणजे पाणी, बॅटरी, सिलिंडर एक्सलच्या थोडं पुढे, मागं फक्त हलकं. मग टीअरड्रॉपचं स्वयंपाकघर मागं असतं त्याचं काय? सगळी भांडी मागंच की.

आर्वीकरीण टेक्सासात

म्हणूनच त्यात एक्सल थोडा मागे सरकवलेला असतो. तुमचा ट्रॉलीवाला जर एक्सल बरोब्बर मध्यावर लावणार असेल तर आधी त्याला थांबवा!

धंतोली ते धामणगाव

मी जरा विरस करतो. मोटार वाहन कायदा 1988 बघा, मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे ट्रेलर हे तुमच्या गाडीचं शेपूट नाही, स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी, वेगळा विमा. गावातल्या वेल्डरने बनवलेली वस्तू ‘दिसते छान’ म्हणून नोंदवली जात नाही, मंजूर डिझाइनचा बनवणारा लागतो. आणि गाडीला आकडा लावणं हाही बदलच, कलम 52 वाचा, विमा कंपनीला आधी कळवा, नाहीतर अपघात झाला की ती पहिली हात वर करते. माझ्या एका ओळखीच्या माणसाने ट्रेलर आधी बनवला, मग कागद काढायला गेला. दोन वर्षं झाली, ट्रेलर गोठ्यात आहे, त्यात कोंबड्या बसतात.

चांगली बाजू अशी की आपल्या राज्याने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात एका एक्सलची, दोन एक्सलची, घडीची, तंबूची अशा ओढायच्या कॅराव्हॅनचाही उल्लेख आहे. तेव्हा वस्तूच बेकायदा आहे असं कोणी सांगितलं तर धोरण छापून न्या. पण पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमावाल्याकडे, दोन्हीकडे लेखी विचारा.

वणीचा विज्या

कोंबड्या तरी खुश असन.

इकोवाला अमरावती

एवढी सगळी यातायात कशाला? इको घ्या. मागच्या सीट काढा, फळी आणि गादी टाका, झालं. एकच नंबर, एकच विमा, रिव्हर्सचा त्रास नाही, टोल एकच. आम्ही दोघं तीन वर्षं असेच फिरतोय, सेमाडोह, हेमलकसा, सिरोंचापर्यंत जाऊन आलो.

पळसफूल

इकोमध्ये उभं राहता येत नाही ना पण, मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचा विचार करा कोणीतरी.

इकोवाला अमरावती

टीअरड्रॉपमध्ये तरी कुठं येतं?

कोरडवाहू

मास्तरापाशी बोलेरो हाय. अजून एक गाडी घेऊन दारात हुबी करन का? अन् ट्रेलर तळ्याकाठी ठेवून गाडी घेऊन भाजी आनाले जाता येते, इकोत भाजी आनाले घरच घेऊन जा लागते.

इकोवाला अमरावती

हा मुद्दा मान्य. एकदा नवेगावबांधला ठिकाण सोडून दूध आणायला गेलो, परत आलो तर आमच्या झाडाखाली दुसऱ्यांचे रोडगे लागलेले.

पुणेरी भटक्या

उत्सुकता म्हणून विचारतो, रोडगे म्हणजे बाटीच ना?

वणीचा विज्या

घ्या. गेला धागा.

पळसफूल

बाटी नाही हो दादा! कणकेच्या पाऱ्यांचे थर, एकात एक, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, आणि सोबत वांग्याची भाजी, वरून सांबार.

पुणेरी भटक्या

वांग्याच्या भाजीवर सांबार??

पळसफूल

कोथिंबीर हो, कोथिंबीर. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडली घेऊन येऊ नका.

ट्रॅक्टर दादा उमरखेड

रिव्हर्सचा विषय निघाला म्हणून. मी वीस वर्सं ट्रॅक्टर चालवून रायलो, दोन चाकी ट्रॉली डोये मिटून गोठ्यात लावतो. मागच्या वर्सी एका फार्महाऊसवाल्याचा छोटा ट्रेलर जीपमागं लावून मागं घ्याले सांगितला तर इज्जत गेली. लांब ट्रॉली आरामात वळते, तुमाले सुधराले टाइम देते. छोटा ट्रेलर असा चटकन घडी होते की काही समजाच्या आत गाडीले जाऊन भिडते. म्हणून हलका म्हणजे सोपा असं समजू नका. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाले हात ठेवा, ट्रेलर जिकडे न्याचा तिकडे हात न्या, वर पाहाच्या भानगडीत पडू नका. अन् लयच झालं तर आकडा सोडा अन् हातानं ढकला, सहाशे किलो सपाटीवर दोन मानसं ढकलते. हा खरा फायदा.

दारव्ह्याचे मास्तर

आता उन्हाळ्याचं कोणीतरी बोला. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पंचेचाळीस पार जातं, यवतमाळ काही फार मागं नाही. छोट्या फायबरच्या डब्यात भाजून निघू ना?

नागपूरची संत्री

एसी लावा की. अर्धा टनाचा मिळतो.

पुसदचं गॅरेज

अन् करंट? अर्धा टनवाला धरा पाचशे-सहाशे वॉट. शंभर अँपिअरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरून बाराशे-तेराशे वॉट-अवर देते. दोन तासात खलास. रात्रभरासाठी चार बॅटऱ्या पायजे, त्याचं वजन अन् पैसा दोन्ही पाहा. जनरेटर लावला तर बाजूचा मानूस काठी घेऊन येईन.

कोरडवाहू

कुलर. अख्खं विदर्भ कुलरवर जगते अन् तुमी एसी एसी करून रायले. दीडशे वॉटचा छोटा कुलर आठ तास चालवला तरी तुमची एक बॅटरी रात्र काढते. वायाच्या, म्हंजे खसच्या, ताट्या लावा, वासानंच झोप येते.

नागपूरची संत्री

दहा बाय सहाच्या बंद डब्यात कुलर लावला तर सकाळी अंगावर शेवाळ येईल.

कोरडवाहू

बंद कोनी ठेव म्हटलं? कुलरले समोरची खिडकी उघडी लागतेच, हवा आत आली तर बाहेर जाले पायजे. घरी तरी दार लावून कुलर लावता का?

आर्वीकरीण टेक्सासात

दोघंही बरोबर आहात. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या भागात मी असा छोटा कूलर वापरलाय, मस्त चालतो. किनाऱ्याकडच्या दमट हवेत त्याचा उपयोग शून्य. तिकडे रोहिणी संपून मृग लागला की कूलर बंद, मग नुसता छताचा पंखा. आणि उन्हाळ्यात खरा उपाय म्हणजे ट्रेलर झाडाखाली उभा करणं आणि छताला पांढरा रंग. अॅल्युमिनियम तापतं आणि रात्री लवकर थंडही होतं, फायबरच्या आतून अस्तर किंवा फोम लावला नसेल तर तेही भट्टीच. आत शेगडी पेटवू नका, थंडीत तर मुळीच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो.

वणीचा विज्या

पन मास्तर, रात्री थांबान कुठं थे सांगा. ताडोबात, मेळघाटात रस्त्याच्या कडेले ट्रेलर लावून झोपता येत नाई, गेट बंद होते, अन् गेट नसतं तरी वाघ हाय.

इकोवाला अमरावती

आम्ही जंगलाच्या बाहेरच्या गावात कोणाच्या तरी वावरात विचारून थांबतो. आजवर कोणी नाही म्हटलं नाही. उलट जेवायला बोलावतात, मग सकाळी निघता निघता अकरा वाजतात. एकदा आलापल्लीकडे ज्यांच्या आवारात थांबलो त्यांनी रात्री कुत्रा आमच्या गाडीखाली बांधला, राखणीला म्हणून. त्या कुत्र्याला रात्रभर डास चावले आणि आम्हाला रात्रभर तो.

धंतोली ते धामणगाव

आणि समृद्धीवरून जाणार असाल तर टायर. दर वेळी हवा तपासा, ट्रेलरचे टायर उभ्याउभ्या म्हातारे होतात, नक्षी चांगली दिसली तरी. भर रस्त्यात ट्रेलरचा टायर गेला तर गाडीचा स्टेपनी त्याला बसतोच असं नाही.

आर्वीकरीण टेक्सासात

इथल्या ट्रेलरच्या बऱ्याच टायरांना ताशी 65 मैलांची मर्यादा असते, म्हणजे साधारण 105 किलोमीटर. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना 55 मैलांच्या वर जायलाच परवानगी नाही. तुमच्या रस्त्याला 120 लिहिलेलं असलं तरी मास्तर, तुम्ही 70 ने जा, चहा गार होत नाही.

पुसदचं गॅरेज

जमन तर चाकं अशीच घ्या की नट अन् माप बोलेरोच्याच चाकाचं. मंग स्टेपनी एकच.

पळसफूल

मला एक सुचतंय. आमचं घर बांधताना इंजिनिअरने नकाशा दाखवला तेव्हा स्वयंपाकघर मोठं वाटलं, आणि भिंती उभ्या राहिल्यावर फ्रिज आणि मी दोघी एकावेळी मावेना. मास्तर, तुम्ही अंगणात चुन्याने आखा ना. एक पाच बाय आठ, एक दहा बाय साडेसहा. दोन्हीत एकेक रात्र दोघं झोपा. गादी, शेगडी, पाण्याची कळशी सगळं आत ठेवून. रेघेबाहेर पाय गेला की भिंत लागली समजायचं.

वणीचा विज्या

गावात बोंब होईन, मास्तरानं अंगनात काय मांडलं म्हणून.

दारव्ह्याचे मास्तर

आखतो. उद्याच.

पुणेरी भटक्या

धागा फॉलो केला. रोडग्यांसाठी आणि चुन्यासाठी.

दारव्ह्याचे मास्तर

मंडळी, सहा दिवस गायब होतो, त्याचा हिशेब देतो.

विजयने म्हटलं तसंच झालं. चुन्याच्या चौकटी पाहून शेजारची आजी विचारायला आली की वास्तू काही बिघडली का. सांगितलं की गाडी येणार आहे. मग दोन दिवस गावभर ‘मास्तर नवीन गाडी घेतंय’.

पहिली रात्र पाच बाय आठमध्ये. आडवं झोपायला जागा खरंच पुरते, आम्ही दोघं काही आडदांड नाही. पण रात्री मला दोनदा उठावं लागतं, वयानुसार, आणि माझी जागा भिंतीकडची निघाली. बायकोच्या अंगावरून जाताना एकदा तिचा हात तुडवला. ती म्हणाली दोन्हीकडे दार करा. सकाळी चहाची शेगडी मागच्या झाकणाच्या जागी, म्हणजे चौकटीबाहेर मांडली. नेमका त्याच वेळी नळ आला आणि शेजाऱ्याचा पाइप सुटला, सगळी शेगडी ओली. पावसाची रंगीत तालीम फुकटात झाली.

दुसरी रात्र दहा बाय साडेसहामध्ये. पलंग आडवा मागच्या भिंतीला लावला, उरलेल्या जागेत ओट्याची फळी आणि एक बाक. पोर्टेबल संडास कुठं ठेवायचा यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी बाकाखाली, रात्रीपुरता बाहेर. ती उभी राहून साडी नेसली आणि म्हणाली, हे चालेल. माझं मत विचारलं नाही.

मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वजन मांडलं. गॅरेजवाल्या भाऊंच्या हिशेबाने सामानासकट साडेसातशे-आठशेच्या घरात जातंय, म्हणजे ब्रेकवाला एक्सल पक्का. गाडीचं पुस्तक शोधलं, डॅशबोर्डात दहा वर्षांपूर्वीच्या पेढ्याच्या कागदाखाली सापडलं, पण ट्रेलरबद्दल माझं समाधान होईल असं काही मिळालं नाही, म्हणून कंपनीला पत्र टाकलंय. विमावाल्यालाही. उत्तर येईपर्यंत वेल्डरला एक रुपया द्यायचा नाही असं घरात ठरलंय, ठरवणारा मी नव्हे. आणि तसंही मंजूर बनवणाराच पाहायचा आहे, वेल्डरकडून फक्त आतला बाक आणि ओटा.

पुसदचं गॅरेज

शाबास. कंपनीनं आकडा नाई म्हटला तर?

दारव्ह्याचे मास्तर

तर इकोवाल्या भाऊंकडे फळीचं माप विचारायला येईन. पण छत उंच करून देतात का कोणी, ते सांगा आधी.

इकोवाला अमरावती

छताचंही आरसीवर चढवावं लागतं मास्तर 😄 कलम तेच.

धंतोली ते धामणगाव

52.

आर्वीकरीण टेक्सासात

मास्तर, एक राहिलं. चुन्याच्या चौकटीत दाराचा विचार केला का? इथं ट्रेलरचं दार उजवीकडे असतं, कारण इथं गाड्या उजवीकडून चालतात आणि फुटपाथ त्या बाजूला. तुमच्याकडे दार डाव्या बाजूला हवं, नाहीतर रस्त्याकडेला थांबलात की थेट ट्रकसमोर उतराल. परदेशी नकाशे जसेच्या तसे वेल्डरला देऊ नका.

दारव्ह्याचे मास्तर

अरे देवा. आम्ही दार उजवीकडेच धरलं होतं, विहिरीच्या बाजूला. म्हणजे ओटा आणि पलंग सगळं उलटं. आज संध्याकाळी पुन्हा चुना.

कोरडवाहू

अन् कुलरची खिडकी कोनत्या अंगाले ठेवली?

दारव्ह्याचे मास्तर

बायको म्हणते तिच्या डोक्याकडे.

कोरडवाहू

तुमच्या पायाकडे उघडी खिडकी ठेवा मंग, हवा आरपार जाईन. अन् चुना टाकताना जू कुठं येते थेही आखजा, आकड्याचे तीन फूट अंगनाबाहेर जात असन तर ट्रेलर ठेवान कुठं? गोठ्यात बैल हायत.

वणीचा विज्या

बैलाले इचारा, थे सरकन जरासे.